बारशाच्या आदल्या रात्री

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ मी स्वयंपाकघरात तशीच बसून होते. बाळ अकरा दिवसांचं, टाके अजून दुखतायत, चार तास सलग झोप नाही, आणि तुझा पहिला प्रश्न, “ताई, एम्बसीची टर्मिन कधी घ्यायची?” मागून तुझ्या आईचा आवाज येत होता. बारशाला पाळण्याला काय बांधायचं म्हणून त्या शोधाशोध करत होत्या.

तर आधी एक दीर्घ श्वास घे. टर्मिनचं, म्हणजे अपॉइंटमेंटचं, नंतर. तुझ्या टेबलावर हॉस्पिटलमधून आलेला तो कागद पडलाय ना, बाळाच्या नावाचा? पासपोर्ट तिथून सुरू होतो. कॉन्सुलेटची खिडकी हे शेवटचं दार आहे. तिथे अडकलेल्या बहुतेकांचं अडलेलं असतं या पहिल्या कागदावर. माझंही तसंच झालं होतं, म्हणून आज सगळं नीट सांगते.

इथे जर्मनीत बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत ते श्टांडेसआम्टला, म्हणजे नोंदणी कार्यालयाला, कळवावं लागतं. हॉस्पिटल ते करतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नर्स येते आणि विचारते, नाव काय? आणि आपण बिचाऱ्या गोंधळतो. आपलं नाव ठरतं बाराव्या दिवशी, आत्या कानात सांगते तेव्हा. पत्रिका यायची असते, अक्षर कुठलं ते कळायचं असतं, सासूबाईंच्या मनात एक असतं आणि आपल्या मनात दुसरं. मी तिसऱ्या दिवशी दडपणाखाली घाईत नाव सांगून टाकलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं की जर्मन कायदा पहिलं नाव कळवायला जन्मापासून एक महिना देतो. जन्माची नोंद आठवड्यात, नाव महिन्याभरात. म्हणजे तुझं बारसं त्यात अगदी आरामात बसतं. उद्या पाळण्यात नाव ठेव, परवा कागद भर. तू ‘अजून नाव नाही’ असं सांगितलंस ते काही चूक केलं नाहीस.

आता कागद भरतानाचं ऐक. इथे चौकटी दोन. फोरनामे म्हणजे नाव आणि नाखनामे म्हणजे आडनाव. आपलं नाव मात्र तीन पदरी. मधे वडिलांचं नाव, आणि लग्नानंतर आपल्या पासपोर्टवर नवऱ्याचं. तुझा पासपोर्ट काढून बघ. ‘गिव्हन नेम’मध्ये तुझ्या नावाला लागून अहोंचं नाव आहे ना? जर्मन माणसाच्या दृष्टीने ते तुझंच दुसरं नाव आहे. तसंच लेकीच्या नावापुढे तिच्या बाबांचं नाव घातलंस तर ते तिचं स्वतःचं नाव होतं, कायमचं. मुलीला पुरुषाचं नाव कसं, असंही विचारतात. आम्हाला विचारलं होतं. आम्ही आमची रीत समजावून सांगितली, त्यांनी लिहून घेतलं, आणि आजही लेकीची शाळेची यादी असो, लायब्ररीचं कार्ड असो, तिच्या नावाला जोडून तिच्या बाबांचं नाव येतं. ती नऊ वर्षांची आहे. परवा म्हणाली, “आई, हे माझं नाव नाहीये ना?” तिला काय सांगायचं ते मला पटकन सुचलं नाही.

मला विचारशील तर चौकटीत फक्त तिचं नाव लिही. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं स्वतंत्र असतातच. भारतीय पासपोर्टच्या अर्जातही वडिलांचं आणि आईचं नाव यांना वेगळ्या जागा आहेत. तिच्या नावातून बाबा गेले म्हणून कागदातून जात नाहीत. पण हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि मोठ्यांना आधी सांगायचं, दाखला हातात आल्यावर नाही. तुझे सासरे म्हणाले ना, की महाराष्ट्रात आता आईचंही नाव लावतात? खरंच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तिथल्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. मला तो निर्णय वाचून फार बरं वाटलं होतं. पण तो महाराष्ट्राच्या सरकारी कागदांपुरता. तुमच्या हॅनोवरच्या श्टांडेसआम्टच्या टेबलावर तो लागू होत नाही.

नावाच्या बाबतीत इथला कायदाही १ मे २०२५ पासून बदललाय. आधी आपल्यासारख्यांच्या बाळाला आपल्या देशाचा नावांचा कायदा लागायचा, आता राहत्या देशाचा, म्हणजे जर्मनीचा लागतो. आपल्या देशाचा निवडायची मुभा मात्र आहे. तुम्हा दोघांची आडनावं कागदोपत्री वेगळी आहेत, तेव्हा हा प्रश्न तुला नक्की विचारतील. उत्तर घरून ठरवून जा.

आणि स्पेलिंग! अगं, यात आमचे चार महिने गेले. नवऱ्याने रात्री अडीच वाजता, एका हातावर लेक आणि दुसऱ्या हातात पेन, असा फॉर्म भरला आणि आडनावातला एक ‘ए’ राहून गेला. त्याच्या पासपोर्टवर दोन, लेकीच्या दाखल्यावर एक. मी दाखल्याच्या आनंदात फोटो काढून गावभर पाठवला, तरी माझ्या लक्षात आलं नाही. पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो तेव्हा दिसलं. मग नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज, आमच्या पासपोर्टच्या प्रती, पत्र, वाट बघणं. चूक आमचीच होती, कुणाला बोल लावणार? म्हणून सांगते, फॉर्म अहोंनी भरला तरी तपास तू, आणि दिवसा तपास. पासपोर्ट शेजारी ठेव आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाच.

इथल्या लोकांना उच्चारता यावं म्हणून स्पेलिंग वाकवू नकोस. तू म्हणत होतीस, ‘जुई’ ठेवलं तर हे ‘युई’ म्हणतील, आणि ‘वेदा’चं ‘फेदा’ होईल. होईलच. किंडरगार्टनमध्ये पहिले चार दिवस होईल, मग तुझीच लेक त्यांना शिकवेल. स्पेलिंग मात्र आपल्या पासपोर्टांवर, तिकडच्या कागदांवर जसं असतं तसंच राहू दे, नाहीतर पुढे प्रत्येक अर्जाला एक स्पष्टीकरण जोडावं लागतं.

लग्नाच्या दाखल्याचं थोडक्यात सांगते. श्टांडेसआम्ट तो मागतं, शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेल्या जर्मन भाषांतरासकट. अपोस्टिलचा शिक्का आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. भारत अपोस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे त्या शिक्क्यावर इथे भागत नाही. काही ठिकाणी भाषांतरावर काम होतं, काही ठिकाणी भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करायला सांगतात आणि त्याला महिने लागतात. तुझ्या कार्यालयाला काय हवंय ते आजच ईमेल करून विचार. कागद पुरे पडले नाहीत तर दाखल्याऐवजी जन्मनोंदीचा साक्षांकित उतारा देतात. तो आला तर घाबरू नकोस, पण कॉन्सुलेटला तो चालेल का, हे आधी विचारून घे. आणि दाखला घेताना आंतरराष्ट्रीय नमुन्यातलाही घे, त्यात इंग्रजी असतं. दोन-तीन प्रती घेऊन ठेव.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐक, कारण हे लोकांना फार उशिरा कळतं. आधी हे बघ की तुझं बाळ भारतीय आहे का जर्मन.

हसू नकोस. माझ्या घरात दोन्ही आहेत. लेक २०१६ ची. तेव्हा आम्हाला इथे येऊन चारच वर्षं झाली होती, ती भारतीय. मुलगा २०२१ चा. त्याच्या वेळी मी मोठ्या आत्मविश्वासाने भारतीय पासपोर्टची फाइल तयार केली, आणि दाखला घ्यायला गेलो तर टेबलापलीकडची बाई म्हणाली, हा तर जर्मन आहे. जन्मानेच. २००० सालापासून इथे असा कायदा आहे की आईवडिलांपैकी एकजण पुरेशी वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर इथे जन्मलेलं मूल आपोआप जर्मन होतं. तेव्हा आठ वर्षं लागायची, नवऱ्याकडे नीडरलासुंग, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना होता, आम्ही बसलो त्यात. २७ जून २०२४ पासून आठची पाच झालीत. एकाचं पुरतं, दोघांचं नाही. आणि मागावं लागत नाही, नकारही विचारत नाहीत. ते होऊन जातं.

जर्मनीला आता दोन नागरिकत्वं चालतात, पण भारताला चालत नाहीत. भारतीय जन्मनोंदणीच्या वेळी आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. बाळ जन्माने जर्मन असेल तर त्याचा जर्मन पासपोर्ट काढायचा आणि भारतासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड करायचं, हा सरळ रस्ता. कुणी म्हणेल, दोन्ही काढून ठेव, कोण बघतंय. नको गं. बाळाच्या आयुष्याची सुरुवात खोट्या सहीवर नको. माझ्या मुलाचं ओसीआय कार्ड आलं त्या दिवशी मी रडले होते, खोटं कशाला बोलू. पोटचा मुलगा आणि माझ्याच देशाचा ‘ओव्हरसीज’. आता सवय झाली. मुंबईला उतरलो की दोघं भावंडं माझा एकेक हात धरून चालतात, मग कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे ते आठवत नाही.

तू म्हणालीस त्यावरून दिसतं की इथे येऊन तुझी तीन वर्षं झालीत आणि अहोंची चार, म्हणजे बाळ भारतीयच. तरी दोघांच्या पहिल्या व्हिसाच्या तारखा काढून मोज. अहो आधी शिकायला आले होते का? मग ती वर्षंही धरून मोज आणि श्टांडेसआम्टला विचार.

भारतीय असेल तर एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, बाळाचा पहिला वाढदिवस. ३ डिसेंबर २००४ पासूनचा नियम आहे की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हायला हवी, नाहीतर ते भारताचं नागरिक होत नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे पासपोर्ट हा दुसरा टप्पा, आधी जन्माची नोंद. दोन्ही अर्ज ऑनलाइन, वेगवेगळे. एकाच दिवशी देता येतात का, ते टर्मिन घेताना बघ. लोकांना वाटतं आपण भारतीय म्हणजे पोर भारतीय, कागद काय होतील सावकाश. तसं नाही.

हे नियम वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली, तुला सांगावीशी वाटते. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व वंशाने मिळायचं ते फक्त वडिलांकडून. आई भारतीय असली तरी तिच्याकडून मिळत नसे. इथे जर्मनीतही विवाहित जर्मन आईकडून मुलाला नागरिकत्व मिळायला १९७५ उजाडलं. नऊ महिने पोटात वाढवायचं आणि कागदावर मोजलं जायचं नाही! उद्या त्या अर्जात ‘आईचं नाव’ अशी चौकट येईल ना, ती घाईघाईत भरू नकोस. तुझी चौकट आहे ती.

बरं, तिकिटांचं. तुझ्या आई म्हणत होत्या, माझ्यासोबतच लेक-नातीला घेऊन जाते. मला कळतं गं. आईचा व्हिसा नव्वद दिवसांचा, दोन महिन्यांनी त्या परतणार, आणि तुला त्यांच्या हाताखाली तिकडे दोन महिने विसावा हवाय. माझीही आई आली होती, आम्हीही तिघींची तिकिटं काढली होती. तो एक ‘ए’ आडवा आला. आई एकटी परत गेली. फ्रँकफर्टच्या विमानतळावर तिने लेकीला माझ्या हातात दिलं, चार पावलं गेली, परत आली, कुंचीची नाडी नीट बांधली आणि मग गेली. बाबांनी नातीला पाहिलं ती सात महिन्यांची झाल्यावर. तिकिटाचे पैसे गेले त्याचं काही वाटलं नाही, हे वाटलं.

तेव्हा पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीट काढू नकोस, आणि नुसत्या पासपोर्टवरही निघू नकोस. बाळाला इथे राहायचा परवानाही हवा. तो आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, देतं. अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, पासपोर्ट आला नसला तरी चौकशी सुरू कर. कार्ड बर्लिनला छापून येतं, त्याला आठवडे लागतात. देव न करो, घरी कुणाचं काही झालं आणि तातडीने जायची वेळ आली, तर वकिलातीकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं. पण ते भारतात जाण्यापुरतं, एका बाजूचं. परत येताना बाळाला तिकडे पासपोर्ट काढून, जर्मन व्हिसा घेऊन मगच येता येईल. तू इकडे नोकरीवर आणि बाळ तिकडे, अशी अडकलेली घरं मी पाहिली आहेत.

किंडरगेल्ड (मुलासाठीचा भत्ता) आणि एल्टर्नगेल्ड (पालकांचा भत्ता) मात्र पासपोर्टसाठी थांबवू नकोस. ते अर्ज जन्मदाखल्यावर होतात. एल्टर्नगेल्ड मागचं मिळतं ते तीनच महिन्यांचं, उशीर केलास तर पैसे बुडतात.

फोटोची मजा सांगते. आमच्या वेळी दोन इंच बाय दोन इंचांचा चौकोनी फोटो लागायचा, इथल्या दुकानात काढतात तो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलीमीटरचा चालत नसे. आता मापाचे नियम बदललेत, तेव्हा ज्या आठवड्यात जाशील त्या आठवड्यातली कॉन्सुलेटची सूचना वाच. फोटो घरीच काढ. खिडकीजवळ पांढरी चादर अंथर, सुरकुती नको, बाळाला पाजून ढेकर काढून उताणं ठेव आणि वरून काढ. तुझी सावली पडू देऊ नकोस. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आधाराचा हात दिसायला नको. टोपरं काढ. आणि तीट! आमचा पहिला फोटो इतका सुंदर आला होता, आणि गालावर आईने लावलेली तीट टपोरी. पुन्हा काढावा लागला. तीट लावायची असेल तर फोटोनंतर लावा म्हणावं.

सही करता येत नाही म्हणून अंगठा लागतो. मुलाचा डावा, मुलीचा उजवा. तुझ्या लेकीचा उजवा. शाईचा पॅड घरीच आण, कोऱ्या कागदावर सराव कर. जागेपणी मूठ उघडत नाही गं, किती घट्ट असते! झोपल्यावर, दूध पिऊन सैल झाल्यावर मनगटाच्या आत हलकेच कुरवाळ, बोटं आपोआप सुटतात. अंगठा शाईवर दाबायचा नाही, शाईच बोटाच्या टोकाने त्याला लावायची, आणि कागद अंगठ्याकडे आणायचा. चौकटीच्या बाहेर ठसा जाऊ देऊ नकोस. मग लगेच ओल्या कापसाने पूस, नाहीतर ती मूठ तोंडात जाते. ज्या सरावाच्या कागदावर आमच्या लेकीचा पहिला ठसा उमटला तो मी अजून जपून ठेवलाय. तांदळाच्या दाण्याएवढ्या रेषा आहेत त्यात.

एम्बसी म्हणतो आपण सगळे, पण तुला बर्लिनला जायचं नाही. दूतावास बर्लिनला, आणि कॉन्सुलेट हॅम्बुर्ग, फ्रँकफर्ट, म्युनिकला. राज्यं वाटून दिलेली आहेत, आणि तुमचं नीडरझाक्सन हॅम्बुर्गकडे येतं. दोघांनी जा. मुलाच्या अर्जात आईवडील दोघांचं संमतीपत्र लागतं, परिशिष्ट ‘डी’, दोघांच्या सह्यांचं. अहो म्हणतील, ऑफिस आहे, तू जाऊन ये. ऐकू नकोस. बाळंतीण बाई, बाबागाडी, फाइल आणि रेल्वे, हे एका जिवाचं काम नाही. टर्मिन सकाळची पहिली घेऊ नकोस, गाडी उशिरा आली की सगळं चुकतं. फाइलमध्ये मूळ कागद एका बाजूला, प्रती दुसऱ्या बाजूला, दोघांचे पासपोर्ट, परवान्याची कार्डं, पत्त्याची नोंदणी. खिडकीशी उभं राहून फाइल उलथीपालथी करायची वेळ आली की हात थरथरतात. बाळ रडलं तर रडू दे, तिथे सगळे पोरंबाळंवालेच असतात. आमच्या वेळी लेकीने टाहो फोडला तेव्हा रांगेतल्या एका अनोळखी पंजाबी आजींनी तिला घेऊन फेऱ्या मारल्या होत्या.

पासपोर्ट आला की आधी उघडून प्रत्येक अक्षर वाच, मगच ‘आला, आला’ म्हणून फोटो पाठव. पाच वर्षांचा असतो तो. तोवर फोटोतलं बाळ शाळेत जायला लागलेलं असेल.

उद्या पाळण्याला काही मिळालं नाही तर माझ्याकडे आईची जुनी इरकली आहे, तिचा काठ बांध. दुपारच्या गाडीने येतेय मी, डिंकाचे लाडू केलेत. तो नावाचा कागद भरू नकोस तोवर. आपण दोघी बसून भरू.